खंडेनवमीनंतरची पत्रं: ठासणीच्या बंदुका आणि जुनी काडतुसं

दरवर्षी खंडेनवमीला वाड्यावाड्यांतल्या पेट्या उघडतात, तलवारी-बंदुका पाटावर येतात, आणि पुढच्या पंधरवड्यात आमच्याकडे पत्रं येतात. यंदाची बहुतेक ग्वाल्हेरच्या लष्कर, मुरार या भागांतली आणि डबऱ्याकडची. जवळजवळ सगळी काळ्या दारूच्या, म्हणजे जुन्या धुराच्या बंदुकीच्या दारूच्या, जमान्यातल्या हत्यारांबद्दल. विषय घरातल्या शस्त्रांचा असल्यामुळे पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत, फक्त ठिकाण दिलं आहे.

आजोबांची ठासणीची बंदूक पूजेसाठी काढली. गज आत टाकून ठोकला तर 'धप्प' असा आवाज येतो. ती भरलेली असू शकते का? असेल तर इतक्या वर्षांनी दारू खराब झाली नसेल का? (दौलतगंज, लष्कर)

ठोकणं आधी थांबवा. काळी दारू म्हणजे सोरा (पोटॅशियम नायट्रेट), कोळसा आणि गंधक, वजनाने ७५, १५ आणि १० या प्रमाणात. यातलं काहीही कोरड्या जागी आपोआप सडत नाही. ओल लागली नसेल तर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ठासलेला बार आजही उडू शकतो. भिंतीवरून काढलेली भरलेली बंदूक ही दंतकथा नाही. पूर्वी रात्री भरून खुंटीला टांगायची पद्धतच होती, आणि बार काढल्याशिवाय माणूस गेला की बंदूक तशीच राहायची.

तपासायची रीत सोपी आहे. बंदूक जमिनीवर आडवी ठेवा. तोंड कच्च्या भिंतीकडे किंवा मातीच्या ढिगाकडे, आणि तुम्ही बाजूला. घोडा पडलेला असेल तर उचलू नका. नळीपेक्षा बारीक लाकडी काठी किंवा पितळी गज हळूच आत सोडा. थांबेल तिथे, नळीच्या तोंडाशी गजावर पेन्सिलीची खूण करा. गज बाहेर काढून नळीला बाहेरून लावा, खूण तोंडाशी जुळवा. गजाचं दुसरं टोक निपलाच्या (घोड्याखालची नळी, जिच्यावर ठिणगी देणारी टोपी बसते तिच्या) बुडाशी, किंवा तोड्याची, म्हणजे वातीने पेटवायची, बंदूक असेल तर कानाच्या छिद्राशी, जवळपास यायला हवं. पाच-सहा सेंटिमीटर अलीकडेच थांबलं, तर आत दारू, डाट (दारूवर ठासलेला बोळा) आणि गोळी आहे असंच धरून चाला.

दोन अपवाद लक्षात ठेवा. काही विलायती टोपीच्या बंदुकांत दारूची खोली नळीपेक्षा अरुंद असते. जाड गज तिच्या खांद्यावर अडकतो आणि रिकामी बंदूकही भरलेली वाटते. अशा वेळी बारीक काठीने पुन्हा पाहा. दुसरा अपवाद कुंभारमाशीचा. आपल्याकडे पावसाळ्यात ती नळीत मातीचं घर हमखास करते, आणि ठोकल्यावर त्याचाही आवाज 'धप्प'च येतो. पण माती आहे की दारू हे अंदाजाने ठरवू नका.

भरलेली निघाली तर निपल सैल करण्यासाठी दिवा लावून तापवणं, ड्रिल मारणं, बार उडवून रिकामी करणं, यातलं एकही नको. पोलीस ठाण्याला कळवा आणि परवानाधारक बंदूकसाजाकडून बार काढून घ्या. तो आधी छिद्रातून पाणी सोडून दारू भिजवतो, सोरा विरघळू देतो, आणि मग गजाच्या टोकाला पेचदार काटा लावून डाट व गोळी ओढून काढतो. उलट क्रमाने केलं तर कोरड्या दारूवर लोखंड घासलं जातं.

पणजोबांची शिकारीची दुनळी रायफल आमच्या परवान्यावर आहे. नळीवर '.४५०' कोरलंय. काडतुसं कुठेच मिळत नाहीत. बाहेरदेशी लोक जुनी काडतुसं घरी भरतात असं वाचलं. आपल्याला भरता किंवा भरून घेता येतील का? (जनकगंज)

प्रश्न कायद्याचा वाटतो, पण त्याआधी दुसरा प्रश्न आहे: तुमची '.४५०' कुठली? हा आकडा नळीच्या आतल्या व्यासाचा आहे, काडतुसाचा नाही. या एका आकड्याखाली अनेक काडतुसं येतात. दोन ठळक उदाहरणं घ्या. मार्टिनी-हेन्री रायफलीचं .५७७/४५० हे बाटलीसारखं काडतूस आहे: बुडाशी साधारण १७ मिलिमीटर, मानेशी निमुळतं, लांबी सुमारे ६० मिलिमीटर. शिकारी रायफलींचं .४५० एक्स्प्रेस हे लांब आणि बारीक: बुडाशी १४ मिलिमीटरच्या आसपास, लांबी सव्वातीन इंच म्हणजे ८२ मिलिमीटरहून थोडी जास्त. व्हर्नियर कॅलिपरने चेंबरचं, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेचं, तोंड मोजलं तर दोन्हींतला फरक लगेच कळतो. दुनळी म्हटल्यावर बहुधा दुसरं असणार, पण अंदाजावर भागवू नका. नक्की माप हवं असेल तर बंदूकसाज चेंबरचा साचा घेतो. सेरोसेफ नावाचा मिश्रधातू त्यासाठी वापरतात. तो ७० ते ८८ अंश सेल्सिअसला, म्हणजे गरम पाण्याच्या भांड्यातही, वितळतो. गार होताना आधी आक्रसतो आणि साधारण तासाभराने मूळ मापाला येतो, म्हणून मोजमाप तेव्हाच घ्यायचं. साचा काढल्याबरोबर मोजला तर आकडा कमी येतो आणि पुढचं सगळंच चुकतं.

आता खरा धोका. १८९८ मध्ये रिग्बी या बंदूकसाजांनी .४५० नायट्रो एक्स्प्रेस आणली, ती त्याच सव्वातीन इंची काडतुसात. आत काळ्या दारूऐवजी ७० ग्रेन कॉर्डाइट, म्हणजे बिनधुराची (नायट्रो) दारू, आणि पुढे ४८० ग्रेनची, म्हणजे ३१ ग्रॅमची गोळी. बाहेरून मापं तीच, त्यामुळे नवं काडतूस जुन्या काळ्या दारूच्या रायफलीत अलगद बसतं. दाब मात्र दुसऱ्याच पातळीचा. .५०० आणि .५७७ एक्स्प्रेसच्या तीन इंची काडतुसांचीही हीच गोष्ट आहे. 'बसलं म्हणजे चालतं' हा समज इथे हात घेऊन जातो.

तुमची रायफल कोणत्या जातीची आहे हे नळीच्या पोटावरच्या छापांवरून कळतं. पुढचा लाकडी भाग काढला की नळ्या उतरतात. बंदूकसाजाला समोर बसवून काढा, कारण जुना हूक वाकला तर पुन्हा बसत नाही. खाली मुकुटाखाली 'एनपी' अक्षरं असतील तर तो १९०४ नंतरचा बर्मिंगहॅमचा नायट्रो दाबाचा दाखला. लंडनच्या छापात हीच अक्षरं तलवार धरलेल्या चिलखती हाताखाली येतात. शेजारी बहुधा 'कॉर्डाइट' शब्द, ग्रेनचा आकडा आणि गोळीचं कमाल वजनही असतं. असा छाप नसेल तर रायफल काळ्या दारूचीच समजा. आणि नळीच्या पोलादावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसत असेल, म्हणजे नळी लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली असेल, तर मग चर्चाच नको.

'मग बिनधुराची दारू थोडी कमी घालून चालेल का?' असाही प्रश्न लोक विचारतात. नाही. काळी दारू दाब वाढला तरी जवळजवळ त्याच गतीने जळते. बिनधुराची दारू दाब वाढेल तशी वेगाने पेटत जाते. एवढ्या मोठ्या काडतुसाच्या तळाशी तिची चिमूटभर मात्रा लोळत असेल, तर कधी गोळी नळीत अडकते, कधी दाब अचानक चढतो. अडकलेल्या गोळीमागे दुसरा बार मारला की नळी फाटते. त्या काळी 'काळ्याच्या जागी नायट्रो' अशी सौम्य कॉर्डाइटची काडतुसं निघाली, पण ती कारखान्याने दाब मोजून बनवलेली होती.

मूळ काडतूस कसं रचलेलं असायचं ते पाहिलं की घरगुती प्रयोग का फसतात हे समजतं. लष्करी मार्टिनी-हेन्रीत ८५ ग्रेन, म्हणजे साडेपाच ग्रॅम काळी दारू. तिच्यावर पुठ्ठ्याच्या चकत्यांमध्ये मेणाची टिकली. त्यावर कागदात गुंडाळलेली ४८० ग्रेनची गोळी, बारा भाग शिसं आणि एक भाग कथील अशी. काडतुसात मोकळी जागा जराही नाही. काळी दारू नेहमी दाबून, पोकळी न ठेवता भरावी लागते. पोकळी राहिली तर पेटलेला वायू पुढे धावून गोळीच्या बुडावर आदळतो आणि नळीला त्या जागी कडं पडतं, म्हणजे कड्यासारखा फुगवटा येतो. मेणाची टिकली चैन म्हणून नव्हती. ती बारामागे राहणारा मळ मऊ ठेवते. ती नसेल तर चार-पाच बारांत मळ दगडासारखा होतो, गोळी नळीतल्या पेचदार खाचांत बसत नाही आणि निशाण वाहवत जातं. ज्या देशांत परवानगी आहे तिथे हौशी लोक .५७७ जातीच्या काडतुसांसाठी २४ बोअर मापाच्या छर्रा-काडतुसांचे पितळी खोके (बाहेरची कवचं) आकार देऊन वापरतात, कारण जुने खोके उरलेलेच नाहीत.

आपल्याकडे मात्र काडतूस भरणं म्हणजे दारूगोळा बनवणं. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे त्याला वेगळा परवाना लागतो. रायफल बाळगण्याच्या परवान्यात तो येत नाही. 'ओळखीचा एक जण भरून देतो' म्हणणारा माणूस तुम्हाला दुहेरी जोखमीत टाकतो: एक कायद्याची आणि एक चेंबरची. आमचं मत विचाराल तर ही रायफल साफ करून जपण्याची आहे, चालवण्याची नाही.

शेतावर रानडुकरांसाठी परवान्याची भरमार (ठासणीची) बंदूक आहे. वापरली की लगेच भरपूर तेल घालून ठेवतो, तरी नळी आतून गंजते. (डबऱ्याजवळून)

तेल घालता म्हणूनच गंजते. काळ्या दारूचा वजनाने निम्म्याहून अधिक भाग जळल्यावर वायू होत नाही, क्षार होऊन उरतो. काही पांढऱ्या धुरातून जातो, बाकी नळीला चिकटतो. हे पोटॅशियमचे क्षार हवेतली ओल ओढतात. टोपीच्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असेल तर त्यातून मिठाचाच सख्खा भाऊ तयार होतो. क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. वरून तेल घातलं की मळ आणि तेलाचं डांबर होतं, आणि त्याखाली लोखंड निवांत कुजत राहतं. रॉकेलचंही तेच.

त्याच दिवशी, जमलं तर तासाभरात, पाण्याने धुवा. घोडा आणि चापाची कळ असलेली पाटी काढून बाजूला ठेवा. तिच्यात पाणी नको. नळी लाकडातून सोडवा, निपल पान्याने काढा. बादलीत लिटर-दीड लिटर कढत पाणी, भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब. नळीचं बूड बादलीत उभं ठेवा, गजाला सुती चिंधी घट्ट गुंडाळून वरून खाली, खालून वर असा पिचकारीसारखा ओढा. निपलाच्या छिद्रातून पाणी आत-बाहेर होतं आणि काळं पाणी सुटतं, सडक्या अंड्याचा वास येतो. तो गंधकाचा. दोनदा पाणी बदला. शेवटचं पाणी नुसतं उकळतं, साबणाशिवाय. नळी हाताला चटका बसेल इतकी तापली पाहिजे, म्हणजे ती आतून स्वतःच वाळते. कोमट पाण्यात हाच फायदा जातो आणि चिंधी वाळवायच्या आत नारिंगी गंज धरतो. कोरडी चिंधी दोन-तीन वेळा फिरवा, नळी गरम असतानाच शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात द्या. खोबरेल किंवा सरसोंचं तेल नको. एक खवट होतं, दुसरं चिकट होऊन वाळतं, आणि पुढच्या मोसमात घोड्याची कळ अडकते.

दुसऱ्या दिवशी पांढरी चिंधी पुन्हा फिरवा. तपकिरी डाग आला तर क्षार राहिले आहेत. आठवड्याने तिसऱ्यांदा. बहुतेक लोक पहिल्या धुण्यावरच थांबतात, आणि तक्रार तिथूनच सुरू होते.

निपलाचं छिद्र दर मोसमाला बघा. अरुंद टोकाला ते टाचणीच्या जाडीचं असतं. जळून रुंद झालं असेल तर बाराच्या वेळी घोडा मागे उडतो आणि टोपीचे तुकडे डोळ्याकडे येतात. निपल बदलणं स्वस्त पडतं. ठासताना गोळी दारूवर पक्की टेकली की नाही हेही पाहा. योग्य भरलेल्या नळीत गज कुठपर्यंत बाहेर राहतो, तिथे गजावर कायमची खाच करून ठेवा. खाच नळीच्या तोंडाच्या वर दिसेल इतका गज बाहेर राहिला, तर मध्ये पोकळी आहे, आणि ती वर सांगितलेलं कडंच पाडते.

ट्रंकेत अकरा जुनी काडतुसं सापडली. काहींचे खोके पितळी पत्र्याची गुंडाळी केल्यासारखे दिसतात, बूड लोखंडी. वर हिरवा मेणचट थर आहे, एकाला उभी चीर आहे. ब्रासोने घासून काचेच्या कपाटात मांडावीत असा विचार आहे. (माधवगंज)

गुंडाळीचा खोका म्हणजे कर्नल बॉक्सरच्या रचनेचं काडतूस, १८६६ च्या स्नायडर रायफलीपासून मार्टिनी-हेन्रीपर्यंत चाललेलं. अशा काडतुसांच्या लोखंडी बुडावर बहुधा खूण नसते, म्हणून तिथे काही वाचता येत नसेल. ओढून केलेल्या एकसंध पितळी खोक्यांवर मात्र कारखान्याची खूण दिसते. आपल्याकडे मिळणाऱ्यांत खडकी आणि डमडमची बरीच असतात. खडकीचा काडतूस कारखाना १८६९ चा. पत्र्याची काडतुसं तापलेल्या चेंबरमध्ये फाटून अडकायची. १८८४-८५ च्या सुदान मोहिमेत याची फार ओरड झाली, आणि पुढे ओढीव पितळ रूढ झालं.

हिरवा मेणचट थर म्हणजे गोळीला लावलेलं मेण आणि चरबी तांब्याशी मिळून झालेला साबणच आहे. तो दिसायला वाईट, पण काडतुसाला पोखरणारा नाही. चीर मात्र गंभीर आहे, आणि तिच्यामागे आपल्याच भागाशी जोडलेलं एक जुनं कोडं आहे. हिंदुस्थानातल्या इंग्रजी फौजेत पावसाळ्यात पितळी काडतुसं आपोआप तडकायची. कारण पुढे १९२१ मध्ये स्पष्ट झालं: ओढताना पितळात राहिलेला ताण आणि तबेल्यातल्या मुतारीतून हवेत येणारा अमोनिया. दोन्ही एकत्र आले की पितळ चिरतं. ज्या वाड्यात पागेला लागून कोठार होतं, तिथल्या पेटीत चिरलेली काडतुसं निघणारच. बऱ्याच पितळ-पॉलिशांत अमोनिया असतो. म्हणजे ब्रासो लावून तुम्ही पागेचंच काम पुढे चालवाल. शिवाय घासल्याने गोळीवरचा कागद आणि बुडावरची अक्षरं जातात, आणि संग्राहकाच्या दृष्टीने अभ्यासाचं जे काही होतं ते तेवढंच होतं.

पण मांडण्याचा विचारच सोडा. काळ्या दारूचं जिवंत काडतूस कितीही जुनं असलं तरी जिवंतच. परवान्याशिवाय एकसुद्धा घरात ठेवता येत नाही. जुन्या टोपीतला पाऱ्याचा मसाला घासणं, ठोकणं सोसत नाही. गोळी पकडीने ओढून दारू ओतून 'निकामी' करण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. नाजूक टोपी तशीच शिल्लक राहते. ती सगळी एका लाकडी पेटीत, सुती कापडाच्या घडीत, एकमेकांवर न आदळतील अशी ठेवा, तापमान न बदलणाऱ्या जागी, आणि ठाण्यात लेखी कळवून जमा करा. पावती घ्या. जमा करण्याआधी प्रत्येकाचा बुडाकडून आणि बाजूने एक-एक फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून. कुटुंबाच्या नोंदीसाठी तो पुरेसा आहे.

आमच्या घरची बंदूक महाराजपूरच्या लढाईतली आहे असं पिढ्यानपिढ्या सांगतात. कळीच्या पाटीवर मुकुट, 'व्हीआर' आणि 'टॉवर १८६२' आहे. नळीवर दोनदा '२५' आहे. (शिंदे की छावणी)

महाराजपूर आणि पन्यार, शिंद्यांची फौज आणि इंग्रज यांच्यातल्या दोन्ही लढाया २९ डिसेंबर १८४३ च्या. पाटीवरचं साल खरं असेल तर बंदूक लढाईपेक्षा एकोणीस वर्षांनी लहान आहे. घरात आधीची एखादी बंदूक असेल आणि गोष्ट हिच्यावर येऊन चिकटली असेल. असं पुष्कळदा होतं. '२५' म्हणजे एका पौंड शिशाच्या २५ गोळ्या होतील इतकी नळी, अर्थात .५७७ एनफिल्ड. आत गजाने तपासून, रिकामी असल्याची खात्री करून, टॉर्चने पाहा. मूळ नळीत तीन रुंद खाचा असतात. आतून गुळगुळीत असेल तर तिच्यातही अर्थ आहे. १८५७ नंतर देशी पलटणींना दूरवर मारा करणाऱ्या खाचांच्या बंदुका देण्याऐवजी गुळगुळीत नळीच्या दिल्या गेल्या. पाटीवरची अक्षरं वाकडीतिकडी, इंग्रजी 'एन' उलटा किंवा 'टॉवर'ची स्पेलिंग चुकलेली असेल तर सरहद्दीवरच्या कारागिरांची नक्कल समजा. ती वाईट नसते, पण तिला विलायती म्हणू नका.

वारसाने आलेल्या अशा बंदुकांना परवाना लागतो की नाही? मुलगा अमेरिकेत आहे, त्याच्याकडे एक पाठवावी असं मनात आहे. (मुरार)

शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये सूट आहे, पण ती जुनं किंवा पुराण-मोलाचं असूनही दुरुस्त करूनसुद्धा वापरता न येणाऱ्या हत्यारांना आहे. भिंतीवर टांगलंय म्हणजे सूट, असं नाही. चालू शकणारी ठासणीची बंदूक परवान्यातच येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच बंदुका, आणि वारशाने आलेल्याही याच मोजणीत. वारसांत कोणती कुणाच्या नावावर जायची हे आधी ठरवून जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. अमेरिकेचं विसरा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरली की १९७२ च्या कायद्याने खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही.

तोड्याच्या बंदुकीच्या नळीवर सोन्याची कोफ्तगिरी आहे. दसऱ्याआधी चिंच लावून चमकवतो, पूजेत नळीला कुंकू लावतो. दरवर्षी सोनं कमी कमी दिसतं. शिवाय आम्ही ती थंड राहावी म्हणून कूलरच्या खोलीत ठेवतो. (नया बाजार)

तीन गोष्टी चालल्या आहेत, आणि तिन्ही सोन्याच्या मुळावर आहेत.

कोफ्तगिरीत पोलादावर बारीक जाळीसारखे ओरखडे काढून त्यावर केसासारखी सोन्याची तार ठोकून बसवतात. सोनं चिकटवलेलं नाही, ओरखड्यांच्या काठात अडकलेलं आहे. चिंच, लिंबू, व्हिनेगर सोन्याला काही करत नाहीत, पण खालचं पोलाद खातात. काठ विरघळला की तार सुटते. तुम्ही पुसता त्या फडक्यावर पिवळा कण दिसला असेल, तर तो पितळ नव्हे. पितळी ताम्हणाची रीत पोलादाला लावू नका. तिथे फक्त मऊ सुती फडकं, थोडं पांढरं स्पिरिट, आणि डाग उचलण्यापुरता कापसाचा बोळा. बोळा घासायचा नाही, टेकवून उचलायचा. नक्षी नसलेल्या भागावर लाल गंज असेल तर सर्वांत बारीक, चार शून्यांची पोलादी लोकर थोड्या हलक्या तेलात भिजवून, नक्षीपासून दोन बोटं दूर. गडद तपकिरी, गुळगुळीत थर गंज नाही, तो नळीचा मूळ रंग असू शकतो. तो घासून काढला की परत येत नाही. जास्त बिघडलेलं असेल तर लखनौच्या राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संवर्धन प्रयोगशाळेशी पत्रव्यवहार करा.

कुंकू. हळदीला चुना लागून होणारं कुंकू ओलं असतं आणि अल्कधर्मी असतं. झेंडूच्या ओल्या देठांचं पाणी आणि बोटांचा घाम त्यात मिसळतो. सकाळी लावलेलं कुंकू शिलंगणाला जाऊन आल्यावर रात्री तसंच राहतं, आणि दिवाळीला पेटी उघडली की त्या बोटाएवढ्या जागी खड्डा. गंध लाकडी दस्त्याला लावा, किंवा नळीवर आपट्याचं पान ठेवून त्या पानाला. फुलं बाजूला पाटावर. त्याच संध्याकाळी कोरडं पुसून मेणाचा पातळ हात द्या. शुद्ध मधमाशांचं मेण टर्पेंटाइनमध्ये मुरवून केलेलं चालतं. तेलापेक्षा मेण बरं, कारण धूळ चिकटत नाही.

आणि कूलर. मे महिन्यात ग्वाल्हेरची हवा इतकी कोरडी असते की दस्त्याचं लाकूड आवळून पाटीच्या कडेने फट पडते. म्हणून लोक बंदूक कूलरच्या खोलीत नेतात. तिथे ओल सत्तर-ऐंशी टक्क्यांवर जाते, रात्री कूलर बंद झाला की उतरते, दुपारी पुन्हा चढते. लाकूड रोज फुगतं-आवळतं आणि साठ-पासष्ट टक्क्यांवर पोलादाला गंज धरायला लागतो. उन्हाळा आणि पावसाळा रोजच एका खोलीत. त्यापेक्षा घरातली सर्वांत आतली, बाहेरच्या भिंतीला न लागलेली खोली, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे. आत आर्द्रता दाखवणारा छोटा काटा. पंचेचाळीस ते पंचावन्न टक्के जमलं तर उत्तम, पण आकडा स्थिर राहणं जास्त महत्त्वाचं. बंदूक कातडी म्यानात किंवा लोकरी घोंगडीत गुंडाळू नका. कातडं कमावताना लागलेलं आम्ल आणि लोकरीने धरलेली ओल, दोन्ही नळीवर उतरतात. जुनं, पुष्कळदा धुतलेलं, खळ न घातलेलं सुती धोतर फाडून केलेली पिशवी सर्वांत चांगली. सिलिका जेलच्या पुड्या ठेवणार असाल तर कपाट घट्ट बंद होतं का ते आधी पाहा. दाराला फट असेल तर दोन दिवसांत पुड्यांचा रंग बदलतो आणि त्या नुसत्या शोभेच्या राहतात. रंग बदललेले दाणे कढईत मंद आचेवर, मूळ रंग परत येईपर्यंत परता, आणि पूर्ण गार झाल्याशिवाय कपाटात ठेवू नका.